दुसरा मणी

फार पूर्वी एका राजधानीच्या वेशीबाहेर एक उपनगर होतं. राजधानीत जागा मिळाली नाही म्हणून तिथं येऊन राहिलेली माणसं, आणि 'आम्ही राजधानीवाल्यांपेक्षा कशात कमी आहोत?' असं विचारत फिरणारीही तीच. दिवसभर राजधानीत कामं करायची आणि संध्याकाळी घरी येऊन भांडायचं, असा तिथला शिरस्ता होता.

भांडण असायचं पाण्याचं. नगराच्या मधून एक पाट वाहायचा. त्याच्या एका अंगाला वरची आळी, दुसऱ्या अंगाला खालची आळी. पाटाच्या तोंडाशी एक लाकडी फळी बसवलेली होती. फळी जिकडे वळवावी तिकडच्या विहिरी भरायच्या. ती वळवायचा हक्क नगरप्रमुखाचा, आणि नगरप्रमुख निवडायचा लोकांनी. मग काय, ज्या आळीचा माणूस निवडून येई तिच्या परसात केळी, आणि समोरच्या आळीत नुसता धुरळा.

समोरच्या आळीतल्या माणसांना तिथं नावंच नव्हती. त्यांना 'दुसरे' म्हणत. पाटाच्या अलीकडे आपले आणि पलीकडे दुसरे, इतका सोपा हिशेब होता.

मागच्या निवडणुकीत खालच्या आळीतून दोघं उभे राहिले. त्यांच्यात मतं फुटली, आणि निम्म्याहून कमी मतं पडूनही वरच्या आळीतला धान्याचा अडत्या निवडून आला. त्यानं फळी आपल्या आळीकडे वळवली. खालच्या आळीनं चिडून वरच्यांशी बोलणंचालणं टाकलं. तेव्हा वरच्यांनीही हट्टाला पेटून ठरवलं, आपली एकही सून पाट ओलांडून माहेरी जाणार नाही. भांडण पुरुषांचं आणि शिक्षा सुनांना. हे मात्र दोन्ही आळ्यांना फार चमत्कारिक वाटलं नाही.

त्या सुनांमध्ये कासारणीची लेक होती.

कासारीण राहायची खालच्या आळीत. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून ती घरोघर फिरायची. भांडण कितीही पेटलं तरी बायकांना बांगड्या लागतातच, त्यामुळे तिला पाटावरचा पूल ओलांडताना कुणी अडवत नसे. लेकीच्या सासरीही ती जायची, पण ओसरीपर्यंतच. तिथं बसून लेकीच्या हातात बांगड्या भरायच्या आणि उठायचं. लेकीचा हात मऊ, बांगड्या चटकन चढायच्या. म्हणून ती मुद्दाम जरा लहान मापाची बांगडी काढायची, म्हणजे हात तेवढाच जास्त वेळ हातात राहायचा. "दिवाळीला येतेस ना?" असं विचारायची मात्र तिला सोय नव्हती.

पुन्हा निवडणूक आली. खालच्या आळीनं तालमीतल्या पहिलवानाला उभं केलं. अडत्या होताच. आणि सगळ्यांना चाट पाडत कासारीणही उभी राहिली.

खालच्या आळीत गहजब झाला. तिची थोरली जाऊ तरातरा आली आणि म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं? पुन्हा मतं फुटायची आणि पुन्हा तो अडत्या आपल्या बोकांडी बसायचा!"

"जाऊबाई, पहिलवान आला तर फळी आपल्याकडे वळेल, हे खरं. पण मग वरची आळी सुकेल. माझी लेक तिथं आहे. मी कुठल्या आळीची तहान मागू?" कासारीण म्हणाली.

मतं फुटण्याची काळजी राजधानीतल्या राणीलाही होती. निम्म्यांना नको असलेला माणूस सगळ्यांवर बसतो आणि रोज तिच्या दारात तक्रार येते, याला ती कंटाळली होती. तिनं आपला कारभारी पाठवला. कारभाऱ्यानं पुलावर उभं राहून दवंडी पिटवली: "ऐका हो! या खेपेला प्रत्येकाला एक दोरा मिळेल. अडत्याचा मणी पिवळा, पहिलवानाचा तांबडा, कासारणीचा हिरवा. दोऱ्याला खाली गाठ मारा. जो सगळ्यांत जास्त हवा, त्याचा मणी आधी ओवा, म्हणजे तो गाठीशी बसेल. तो नाहीच आला तर कोण चालेल, त्याचा मणी त्यावर. गाठीशी ज्याचे मणी निम्म्याहून जास्त, तो जिंकला. तसं कुणाचंच झालं नाही, तर ज्याचे सर्वांत कमी तो बाद. गाठ सोडून त्याचे मणी दोऱ्यांतून काढायचे आणि पुन्हा गाठ मारायची, म्हणजे वरचा मणी घरंगळत गाठीशी येईल. मग पुन्हा मोजायचं. पहिला मणी आपल्याला, दुसरा मणी दुसऱ्याला होऽऽ!"

शेवटच्या वाक्यानं घोटाळा केला. कारभारी बिचारा राजधानीचा. या नगरात 'दुसरा' कुणाला म्हणतात हे त्याला कुठून माहीत असणार?

"दुसऱ्यांना मणी द्यायचा? आम्ही?" वरची आळी खवळली. "दुसऱ्यांना? त्यापेक्षा दोरा पाटात टाकू!" खालची आळी कडाडली. अडत्यानं आपल्या लोकांना बजावलं, "एकच मणी ओवायचा, पिवळा." पहिलवानानं मांडीवर थाप मारली आणि सांगितलं, "एकच मणी, तांबडा." आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं. एका उत्साही पठ्ठ्यानं तर एकाच दोऱ्यात तीन तांबडे मणी ओवून ठेवले, जोर यावा म्हणून.

कासारणीनं मात्र माळा खांद्यावर टाकल्या आणि ती वरच्या आळीच्या पारावर गेली. सोबत नाक मुरडत का होईना, जाऊ होती.

"पहिला मणी तुमच्या माणसालाच द्या. तो मी मागायला आले नाही. दुसरा तेवढा मला द्या," ती म्हणाली.

पारावर हशा पिकला. मतं मागणारे त्यांनी खूप पाहिले होते, पण दुसऱ्या नंबराचं मत मागणारं हे पहिलंच माणूस.

पारावर एक म्हातारा बसला होता. वरच्या आळीत त्याचा शब्द शेवटचा, आणि कासारणीच्या लेकीचा तो आजेसासरा. त्यानं हात वर करून हसणं थांबवलं आणि विचारलं, "विहीणबाई, आमच्या दोऱ्यात दुसरा मणी तुमचा, ठीक. पण तुमच्या दोऱ्यात दुसरा कुणाचा?"

कासारीण पेचात पडली. पहिलवानाचं नाव घ्यावं तर पारावरचा एकही दोरा मिळणार नाही. अडत्याचं घ्यावं तर शेजारी उभी असलेली जाऊ घरी पोचायच्या आत साऱ्या आळीला सांगेल. 'ते गुपित असतं हो,' असं म्हणून सुटता आलं असतं. शहाण्यानं तेच केलं असतं. पण जे आपण लोकांकडे उघड मागतो ते स्वतः लपवायचं, हे तिला जमेना.

"अडत्याशेटांचा," ती म्हणाली. "पाणी त्यांनी वळवलं ते चुकलंच, त्यांच्या तोंडावर सांगेन. पण तापाची साथ आली तेव्हा त्यांनी धान्याची पेवं उघडली. दारात येणाऱ्याला भरून दिलं, आळी विचारली नाही. पहिलवान मनाचा चांगला आहे, पण रागावला की त्याला पुढचं दिसत नाही. मी नाही आले, तर माझ्या मतानं शेट बरे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "पारावर बसलेल्यांना गोड लागेल असंच बोललात. हेच खालच्या आळीत, तालमीपुढं उभं राहून बोलाल?"

"बोलेन."

आणि त्याच संध्याकाळी ती तालमीपुढं उभी राहिली.  जे शब्द वरच्या आळीत बोलली तेच इथं बोलली. अडत्याची चूक गाळली नाही आणि त्याचा चांगुलपणाही गाळला नाही. पहिलवानाच्या रागाबद्दलचं वाक्यसुद्धा तिनं पहिलवानाच्या समोर उच्चारलं. पहिलवान इतका रागावला की त्याला पुढचं काही दिसेना, आणि तिथले चारदोन जण गालात हसले.

बाकीचे मात्र हसले नाहीत. "फितूर!" कुणीतरी ओरडलं. जाऊ म्हणाली, "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास बाई. माझा मणीही आता विसर." त्या दिवसापासून आळीतल्या बायकांनी तिच्याकडून बांगड्या भरणं बंद केलं. ती पुलाजवळ बसून राहायची आणि वरच्या आळीकडे बघायची. आपण हरलो तर लेक पुन्हा ओसरीपलीकडे दिसायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रडू आलं तर ती रडायचीही. पण बोललेलं परत घ्यावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

मोजणीच्या दिवशी सगळं नगर पुलाजवळच्या मैदानात जमलं. कारभाऱ्यानं दोरे रांगेनं टांगले. तांबडे मणी सगळ्यांत जास्त निघाले, पण निम्मे नव्हते. तहानलेल्या खालच्या आळीनं पहिलवानाला भरभरून दिलं होतं. मग हिरवे, आणि हिरव्यांहून जरासेच कमी पिवळे. वरच्या आळीतल्या ज्या बायकांची माहेरं किंवा लेकी पाटानं तोडल्या होत्या, त्यांनी घरच्यांना न सांगता हिरवा मणीच गाठीशी बसवला होता.

अडत्या बाद झाला. मैदानात चिडीचूप झालं. कारभारी एकेक दोरा घेऊन पिवळा मणी काढू लागला. काही दोरे रिकामे राहिले. शेटचं ऐकून ज्यांनी एकच मणी ओवला होता त्यांचे ते दोरे. पण पुढच्या दोऱ्यातून पिवळा निघाला आणि त्यावरचा हिरवा मणी घरंगळत गाठीशी येऊन बसला. त्याच्या पुढच्यातही हिरवा. त्याच्याही पुढच्यात हिरवा. म्हातारा डोळे मिटून मणी घरंगळल्याचा बारीक आवाज ऐकत होता.

दोरे संपले तेव्हा हिरवे मणी निम्म्याच्या पुढे गेले होते. कासारीण नगरप्रमुख झाली.

वरच्या आळीतली माणसं अडत्याभोवती जमली. "शेट, तुमच्यामुळे आमचे दोरे रिकामे राहिले. तुमचं काय?"

अडत्या खाली बघत म्हणाला, "माझ्या दोऱ्यात दुसरा हिरवा होता."

"आणि आम्हाला एकच ओवायला सांगितलंत!"

"सांगितलं खरं. पण तालमीपुढं उभं राहून माझं नाव घेतलं हो तिनं! आजवर माझ्या पाठीमागं माझं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मग हात राहीना."

कारभाऱ्यानं सांगितलं की आता जिंकलेल्याच्या मण्यांची माळ करून ती त्याच्या गळ्यात घालायची. लोक आपापले हिरवे मणी द्यायला पुढे सरसावले. दुसऱ्या पसंतीचे मणी देणारेही तितक्याच तोऱ्यात आले. "हा माझा बरं का!" असं म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं. रिकामे दोरे हातात घेतलेली माणसं मात्र कडेला उभी राहिली. हरलेल्या पहिलवानाचे मणी काढून घेतल्यावर त्याच्याही लोकांच्या हाती नुसते दोरेच उरले होते. त्यांत जाऊही होती.

"आमचं काही नाही या माळेत," ती पुटपुटली.

कासारणीनं ते ऐकलं. ती उठली आणि एकेकाजवळ जाऊन तिनं रिकामे दोरे गोळा केले. पहिलवानाकडेही हात पसरला. त्यानं जरा वेळ घेतला, पण दिला. मग ती पुलाच्या पायरीवर बसली. वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे दोरे एकत्र घेऊन तिनं त्यांना पीळ दिला आणि त्या पिळात सगळे हिरवे मणी ओवले.

"मणी किती का असेनात, दोऱ्याशिवाय माळ व्हायची नाही," ती म्हणाली. "जाऊबाई, घाला माझ्या गळ्यात."

जावेनं माळ घातली आणि ती नीट सारखी केली.

तशीच माळ गळ्यात घेऊन कासारीण पाटाच्या तोंडाशी गेली. लोकांना वाटलं, आता फळी कुठं वळवते बघू. तिनं फळी ना इकडे वळवली ना तिकडे. मधोमध उभी केली. पाणी दुभंगलं आणि दोन्ही आळ्यांकडे धावलं.

एवढ्यात पुलावर बांगड्या वाजल्या. म्हातारा आपल्या नातसुनेला घेऊन पूल उतरत होता. लेकीच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं.

"विहीणबाई, दिवाळीला अजून अवकाश आहे, पण पोरगी ऐकेना," तो म्हणाला. "चांगली महिनाभर ठेवून घ्या. आणि हो, हिच्या मापाच्या बांगड्या भरा आता. दर वेळी लहानच भरता, मी बघतो ना."

तात्पर्य: आपली माणसं पहिली पसंती देतात, त्यात नवल नाही. दुसऱ्यांच्या मनात दुसरी जागा मिळवायची असेल, तर त्यांचं चांगलं त्यांच्या माघारीही बोलता आलं पाहिजे.