बेकरीवरची खिडकी

"पण तुमच्या हाकेला ओ देतं कोण?" गावात शिकायला आलेल्या शलाकानं विचारलं.

म्हातारा लॉरेन्स मनोऱ्याच्या खिडकीशी बसून पाइप साफ करत होता. खाली त्या छोट्या जर्मन गावाची लाल कौलं, दगडी चौक, मधोमध विहीर.

या मनोऱ्यावरून पहारेकरी रोज संध्याकाळी हाक मारत आला होता, "जागे आहात का?" पूर्वी वेशीवरचे शिपाई खालून ओरडायचे, "जागे आहोत!" आता शिपाई नव्हते. लॉरेन्स होता, आणि या हिवाळ्यानंतर तोही नसणार होता. त्याची जागा शलाकाला हवी होती. पुढच्या पहारेकऱ्याचं नाव त्यानंच सुचवायचं होतं.

"कुणी नाही देत," तो म्हणाला.

"तरी रोज ओरडता! तुमच्या वयाची माणसं ना, आजोबा, सवयीलाच परंपरा म्हणतात."

"बिअरलाही आम्ही परंपराच म्हणतो."

"हसू नका. मेलेलं गाव आहे हे. मी हाक मारली ना, तर लोक दारात येतील."

"येतील?"

"आणीन मी."

लॉरेन्सनं पाइप खाली ठेवला.

"अगदीच मेलेलं नाही गं. ती बघ... बेकरीवरची हिरवी खिडकी. मी हाक मारली, की धाडकन बंद होते. रोज."

शलाकानं वाकून पाहिलं. खिडकी उघडी होती. तिथं तिचीच पिवळी ओढणी वाळत होती.

"तेवढ्यावर माझं चाललंय," म्हातारा म्हणाला. "एवढ्या गावात कुणीतरी ऐकतं."

तिचे कान तापले.

"आजोबा..."

"हं?"

"अभ्यासात लक्ष लागत नाही, म्हणून मी..." तिनं खिडकीकडे बोट केलं. "ती खिडकी माझी आहे."

त्यानं पुन्हा एकदा त्या खिडकीकडे पाहिलं.

चौकात कुणीतरी दुकानाचं दार ओढून घेतलं. कबुतरं उडाली, पुन्हा बसली...

लॉरेन्स उठला. खुंटीवरचा तिचा कोट काढून त्यानं तिच्या हातात दिला.

"माझं नाव... नाही ना सुचवणार?" जमिनीकडे बघत तिनं विचारलं.

"हाकेची वेळ झाली, पोरी. तू इथं बसलीस, तर ओ कोण देणार?"