मिरीचा थेंब कोणी प्यायला?

एक होती मुंगी. मिरीच्या दाण्याएवढी, काळी कुळकुळीत. म्हणून तिचं नाव मिरी.

शेवंताकाकूंच्या परसात टोमॅटोचं झाड होतं. झाडाच्या शेंड्याला एक पान होतं. रोज पहाटे पानाच्या टोकाला एक थेंब यायचा. टप्प! तो थेंब मिरीचा.

एके दिवशी मिरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय? पान मलूल. थेंब गायब!

मिरीने डोळे बारीक केले. मिशा हलवल्या. हुंग हुंग हुंगलं.

"पाना पाना, माझा थेंब तूच प्यायलंस ना?"

पान म्हणालं, "मी कशाला पिऊ? मीच बघ कसं लुळं पडलंय! देठ पाणी धाडील, तर मी थेंब देईन."

"खरं?"

"खरं!"

"बघतेच!" म्हणाली मिरी. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

भेटला देठ.

"पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
देठा देठा, पाणी तूच प्यायलास ना?"

देठ म्हणाला, "मी कशाला पिऊ? माझ्यात नुसत्या नळ्या. बारीक बारीक, कोरड्या कोरड्या. खोड पाणी चढवील, तर मी धाडीन."

"खरं?"

"खरं!"

"बघतेच!" तुरुतुरु, तुरुतुरु.

भेटलं खोड. चांगलं जाडजूड. मिरीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. हुंग हुंग हुंगलं.

"देठ पाणी धाडेना,
पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
खोडा खोडा, पाणी तूच लपवलंस ना?"

खोड म्हणालं, "मी कशाला लपवू? कान लावून बघ. आहे का आत सळसळ?"

मिरीने कान लावला. आत सामसूम.

"मूळ पाणी ओढील, तर मी चढवीन."

"खरं?"

"खरं!"

"बघतेच!" मातीत होती एक भेग. मिरी शिरली आत. तुरुतुरु, तुरुतुरु.

भेटलं मूळ.

"खोड पाणी चढवेना,
देठ पाणी धाडेना,
पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
मुळा मुळा, अंधारात बसून तूच प्यायलंस ना?"

मूळ म्हणालं, "मी कशाला पिऊ? माझे केस बघ, किती बारीक! कोरड्या मातीतून ते काय ओढणार? माती भिजेल, तर मी ओढीन."

"खरं?"

"खरं!"

"बघतेच!" आणि तिथेच मिरी वळली मातीकडे.

"मूळ पाणी ओढेना,
खोड पाणी चढवेना,
देठ पाणी धाडेना,
पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
माती माती, तूच गिळलंस ना?"

माती म्हणाली, "मी कशाला गिळू? मी तर तडकलेय! झाडाचा खाऊ आहे माझ्याकडे. पण पाण्यात विरघळल्याशिवाय तो जाणार कसा? पाणी वाहील, तर मी भिजेन."

"खरं?"

"खरं!"

"बघतेच!" मिरी वर आली. हौदातून झाडाकडे येणाऱ्या पाटाच्या काठाने निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हौदाजवळ पाणी साचलं होतं. भलंमोठं डबकं! मिरी जवळ जाईना. पाय घसरला तर बुडायची! तिने लांबूनच हाक मारली.

"माती काही भिजेना,
मूळ पाणी ओढेना,
खोड पाणी चढवेना,
देठ पाणी धाडेना,
पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
पाण्या पाण्या, इथे दडून बसलंस ना?"

पाणी म्हणालं, "मी कशाला दडू? पाटाच्या तोंडाशी बघ. बेडूक उठेल, तर मी वाहीन."

पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा. त्यात बसला होता बेडूक. पोट केवढं! टम्म!

मिरीने डोळे बारीक बारीक केले. हाच तो चोर!

"पाणी पुढे वाहेना,
माती काही भिजेना,
मूळ पाणी ओढेना,
खोड पाणी चढवेना,
देठ पाणी धाडेना,
पान थेंब देईना,
मिरीची तहान जाईना!
बेडका बेडका, ऊठ इथून!"

बेडकानेही डोळे बारीक केले. "डराँव! नाही उठणार. मी उठलो की तू माझी जागा बळकावशील. तूच चोर!"

"मी? चोर?" मिरीला रडूच आलं. "मी कशाला बळकावू?"

आणि मिरीला आठवलं. पान असंच म्हणालं होतं. देठ असाच म्हणाला होता. खोड, मूळ, माती, पाणी, सगळे असंच म्हणाले होते.

मिरी हळूच म्हणाली, "बेडूकदादा, मी पाठ करून उभी राहते. डोळे मिटते. जागा तुझीच."

मिरीने पाठ केली. डोळे मिटले. अगदी घट्ट.

बेडकाने एका डोळ्याने पाहिलं. दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. आणि... टुणुक!

पाचोळा उडाला.
पाणी वाहिलं, झुळुझुळु.
माती भिजली, गारगार. तिचा खाऊ पाण्यात विरघळला.
मुळाने ओढलं, सुर्रर्र.
खोडाने चढवलं, सरसर सरसर.
देठाने धाडलं, झरझर झरझर.
पान उभं राहिलं, ताठ!

"माझा थेंब?" मिरीने विचारलं.

"पहाटे," पान म्हणालं. "आधी मुळाला भूक लागलीय."

पानाने उन्हात गोड रस केला. देठातून खाली, खोडातून खाली, थेट मुळाच्या तोंडी. मुळाने खाल्ला मिटक्या मारत.

मिरी देठावर बसून राहिली. ऊन गेलं. चांदण्या आल्या. चांदण्या गेल्या.

पहाट झाली. पानाच्या टोकाला काहीतरी चमकलं. लहानसं. गोल.

टप्प!

मिरीने तोंड लावलं. आधी प्यायली एक डोळा उघडा ठेवून. कोण येतंय, कोण जातंय, बघत बघत.

मग तोही डोळा मिटला. आणि प्यायली पोटभर.

मिरीची तहान गेली, आपली गोष्ट झाली.