परक्या बाईचा अंगठा

काजूच्या बिया फोडून फोडून चंद्रावती परबचे अंगठे गुळगुळीत झाले होते. त्या बियांचं तेल कातडी जाळतं. नवरा ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्ट्रेचरवर पोट धरून कण्हत होता आणि ती दवाखान्यातल्याच सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीशी कुटुंबाचं कार्ड तिच्या नावावर म्हणून मशीनवर अंगठा टेकत होती. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकला. लाल दिवाच.

"ठसा जुळत नाही," खिडकीतले करंगुटकर साहेब चहा ढवळत म्हणाले. "कार्डावरची बाई तुम्हीच, हे मी कसं मानू? मशीन म्हणेल तेच खरं. योजना नाही मिळणार. पुढे कोण?"

मागून रांग रेटत होती, तिकडे नवरा हाका मारत होता. चंद्रावती जागची हलली नाही.

"साहेब, मघाशी ऑपरेशनच्या परवानगीवर माझा शाईचा अंगठा घेतलात ना? काही बरंवाईट झालं तर दवाखाना जबाबदार नाही म्हणून?"

"घेतला. बायकोची परवानगी लागतेच."

"मग तो कागद आधी फाडा. मी ती बाईच नव्हे, तर परक्या बाईच्या अंगठ्यावर त्यांचं पोट कसं कापणार? आणि काही झालं तर जबाबदार कोण, तेही मशीनलाच विचारा."

साहेबांनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी खणातून डोळ्यावरून ओळख पटवायचं यंत्र काढलं. त्याचं प्लास्टिकही अजून फाडलेलं नव्हतं. चंद्रावतीने डोळा लावला आणि हिरवा दिवा लागला.

"हे आहे म्हणून आधी का नाही बोललात?"

"कुणी विचारतच नाही हो."

"अंगठे जळालेत साहेब, डोळे नाहीत," म्हणत ती स्ट्रेचरकडे धावली.