कायमचा गठ्ठा

फार मागची गोष्ट. तालुक्याच्या कोर्टात कागदांच्या खोलीत दोन गठ्ठे शेजारी राहत. दोन्ही एकाच घरातल्या भावांच्या भांडणाचे. थोरला बांधाच्या निकालाचा. त्याच्यावर 'कायम' असा शिक्का होता. धाकटा त्याच बांधावरच्या मारामारीचा. मुदत भरली की तो जाळायचा होता.

थोरला ताठ्याने म्हणे, "तू चार दिवसांचा पाहुणा."

"असेन. पण जाण्याआधी त्या दोघा भावांनी माझी गाठ सोडून मला एकदा वाचावं, दादा."

मुदत भरली. जाळण्याआधी कागद बघायचे तर या, अशी कोर्टाने नोटीस लावली. दोघे भाऊ आले, म्हातारे झालेले, एकमेकांना धरून चालणारे. त्यांनी धाकट्या गठ्ठ्याची गाठ सोडली.

"बघ, माझं डोकं तू फोडलंस असं लिहिलंय."

"मग आता तुझी काठी कोण शोधून देतं रे?"

"शोधतोस कसली, लपवतोस तूच!"

दोघे पोट धरून हसले. "जाळा साहेब," थोरला भाऊ म्हणाला.

धाकटा गठ्ठा जळायला निघाला तेव्हा थोरल्या गठ्ठ्याने हाक मारली, "अरे, त्यांना म्हणावं, माझीही गाठ सोडा!"

तोवर खोलीला कुलूप लागलं होतं. त्याची गाठ अजून तशीच आहे. बाहेर पाऊल वाजलं की तो कान देतो.