गेनूला भरून येतं

एका गावात एक भोळा गडी होता, गेनू नावाचा. मोटर लावून गावची टाकी भरायची आणि नळांना पाणी सोडायचं, हे काम त्याच्याकडे होतं. गावात आळ्या चार आणि चावी फिरवणारा एक. चारही आळ्यांतून फोन यायचे, "गेनू, आधी आमच्याकडे सोड!" दुसरा कुणी असता तर हो-हो म्हणून आपलं काम करत बसला असता. गेनू खरंच चारही आळ्यांत आधी पाणी सोडायला धावायचा.

मग व्हायचं तेच झालं. उभ्या उभ्या भाकरी, तीही अर्धी. पोटात जळजळ. झोप उडाली. फोन वाजला की छातीत धडधडायचं, अन् वाजला नाही तर त्याहून जास्त.

सरपंच इंदूताईंना दया आली. म्हणाल्या, "अरे, एवढं मनाला लावून घेऊ नये. एका कानानं ऐकायचं, दुसऱ्या कानानं सोडून द्यायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी वरच्या आळीत पाइप फुटला. इंदूताईंनी फोन केला, "गेनू, पाणी बंद कर!" तासाभरानं बघतात तर आळीत ओढा वाहतोय.

"माझं ऐकलं नाहीस का रे?"

"ऐकलं की ताई. उजव्या कानानं. मग डाव्यानं सोडून दिलं."

इंदूताईंनी कपाळाला हात लावला. "बाबा, माझा शब्द सोडायचा नाही! धरून ठेवायचा!"

"बरं."

गेनूनं शब्द धरून ठेवला. दिवसभर पुटपुटत राहिला, "पाणी बंद कर, पाणी बंद कर." घरी जेवायला बसला तरी तेच. बायको हौसा तांब्यातून पाणी ओतत होती, ती थांबली. गेनूला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, तोंडात "पाणी बंद कर."

हौसानं पाठीवर थापट्या मारल्या. "अवं, जीव जाईल अशानं! कामाचं काही घरात आणायचं नाही. तिकडंच ठेवून यायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गेनू घरी आला तो नुसत्या चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. शेजारणींनी तोंडाला पदर लावला.

"कपडे कुठायत?" हौसा किंचाळली.

"पंचायतीमागं, टाकीपाशी. शर्ट-पँट पंचायतीनं दिलेली. कामाची."

"अवं, कामाची काळजी ठेवून या म्हटलं होतं! यापुढं अंगावरचं काही काढायचं नाही. शपथ आहे माझी!"

"बरं."

पण पोटाची जळजळ काही थांबेना. हौसा घाबरली. त्याला गावच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "शर्ट काढा."

"नाही. बायकोची शपथ आहे."

डॉक्टरांनी शर्टावरूनच तपासलं. ब्लड प्रेशर वाढलेलं. "गोळ्या देतो. पण दुखणं कामाच्या ताणाचं आहे, गेनूभाऊ. झोप नाही, जेवण नाही, आणि हे कितीतरी दिवस चाललंय. आता अंगावर काढू नका. तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाई बसतात, त्यांना भेटा."

"म्हणजे मी येडा झालो?"

"छे! पाय मुरगळला तर दाखवतो ना आपण? तसंच हे."

गेनू लंगडत लंगडतच तालुक्याला गेला.

समुपदेशक दातीरबाईंनी त्याला बसवलं. "पायाला काय झालं?"

"काही नाही. डॉक्टर म्हणाले, तसंच."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगा, काय काय होतं?"

गेनू बोलायला लागला. चार आळ्या, फोन, भाकरी, सगळं. बोलता बोलता रडला. मधेच त्याच्या लक्षात आलं, आपण बोलतोय आणि समोरचं माणूस ओरडत नाहीये. असं पूर्वी कधी झालंच नव्हतं.

बाईंनी इंदूताईंशी बोलून पाण्याच्या वेळा ठरवून दिल्या. आळ्यांचे फोन आता पंचायतीत जायला लागले. गेनू दर आठवड्याला बाईंकडे जायचा. बसून जेवू लागला. घोरूही लागला. हौसानं देवाला नारळ फोडला.

बाई म्हणाल्या, "छान चाललंय. आता लागेल तेव्हाच या. पण एक ध्यानात ठेवा. भरून आलं की हातातलं काम सोडून सरळ इकडे यायचं. भरून वाहायची वाट बघत बसायचं नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

पुढल्याच सोमवारी तो एसटीतून उतरून धावत दवाखान्यात आला. "बाई, भरून आलं!"

बाईंनी लगबगीनं खुर्ची पुढं केली. "बसा. रडू येतंय?"

"नाही."

"छातीत धडधडतंय?"

"छे! एकदम ठणठणीत."

"मग काय भरून आलं?"

"टाकी. काठोकाठ."

बाई हळूच म्हणाल्या, "आणि मोटर?"

"चालू आहे की. हातातलं काम सोडून या म्हणालात ना."

तेवढ्यात गेनूचा फोन वाजला. इंदूताई होत्या. आवाज दवाखानाभर ऐकू आला. "गेन्या! पंचायतीत गुडघाभर पाणी झालंय! मी टेबलावर उभी आहे! कधीपासून वाहतेय रे टाकी?"

गेनू अगदी शांतपणे म्हणाला, "ते मला कसं ठाऊक असणार, ताई? भरून वाहायची वाट मी बघितलीच नाही."