ठकूबाईची शीव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते हरणटेकात कुणाला विचारू नये. म्हातारा असेल तर दोनशे सांगतो, मास्तर असेल तर दीडशे, आणि दोघंही आपण तिथं हजर असल्यासारखं सांगतात. घाटमाथ्यावरच्या या गावात तेव्हा ठकूबाई राहायची. तिचं आडनाव कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे ती आमचीच म्हणून आज दोन घराणी भांडतात. ती जिवंत असताना त्यांपैकी कुणी तिला पाणी विचारल्याची आठवण मात्र गावात नाही.

ठकूबाईच्या घराच्या वळचणीला मडकी आडवी बांधलेली असायची आणि प्रत्येक मडक्यात सातेरी जातीच्या मधमाश्यांचं मोहोळ असायचं. पलिता लावून माश्या जाळायच्या आणि सगळा मध ओरबाडून आणायचा, अशी तेव्हा डोंगरातली रीत होती. ठकूबाईनं ती मोडली. ती मडक्यात उघडा हात घालायची, अर्धी पोळी काढायची, अर्धी माश्यांना ठेवायची आणि त्यांच्यापुरतं भोक ठेवून मडक्याचं तोंड पुन्हा लिंपून टाकायची. तिला जन्मात एकदाही माशी चावली नाही, असं म्हणतात. मडक्याला कान लावून ती सांगायची, "आज जांभळीवर गेल्यात." लोक जाऊन बघायचे, तर जांभळ खरंच गुणगुणत असायची. मध चाटून ती झाड ओळखायची, आणि झाडाची फांदी कुठल्या अंगाची तेही सांगायची, असं म्हणतात. फांदीबद्दल ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

गावचे पाटील हैबतराव. माणूस वाईट नव्हता, फक्त पाटील होता. एका माघात त्यांनी लेकीचं, सगुणाचं, लग्न काढलं. सासर घाटाखालचं, बाजारपेठेतलं, तालेवार. व्याही इतकं अत्तर लावून आले की वरात वेशीत शिरायच्या आत वास चावडीवर पोहोचला. तो माश्यांनाही पोहोचला. त्यांनी आधी व्याह्यांची विचारपूस केली, मग घोड्याची. घोडा नवरदेवासकट घाटाच्या दिशेनं परत निघाला आणि त्याच्यामागून भटजी मुहूर्त सांगत धावले. लग्न लागलं एकदाचं. पण पंगतीत व्याह्यांनी सुजलेल्या तोंडानं पानातल्या भोपळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाटील, राज्य तुमचं का माश्यांचं? आणि जेवणही त्यांनीच रांधलं वाटतं!"

हे हैबतरावांना जेवढं लागलं तेवढी माशी कुणाला लागली नसेल. दुसऱ्या दिवशी चावडीवर हुकूम सुटला, ठकूबाईची मडकी जाळायची.

ठकूबाई चावडीवर आली. रडली नाही की पाया पडली नाही.

"जाळा की," ती म्हणाली. "पर पाटील, जेवनाचं व्याही खरं बोलले. काकडी, भोपळा, कारळं, कशाचंबी फूल माझी माशी शिवती तवा फळ धरतं. ती नको असंल, तर तिच्या हातचं खाऊबी नका. पाडव्यापासनं दसऱ्यापत्तोर. निभावलंत तर मडकी मी माज्या हातानं जाळीन."

"आन न्हाई निभावलं तर?"

"तर तुमच्या वळचणीला एक मडकं मी बांधीन."

चावडी हसली. हैबतराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. "ठके, घाटाखालचा बाजार ओस पडलाय व्हय? कबूल!"

आता माशीच्या हातचं कुठलं आणि बाजारचं कुठलं, हे ठरवायचं कसं? ठकूबाईनं त्याचीही तोड काढली. मडक्यातून निघणाऱ्या माश्यांवर तिनं तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि त्या पांढऱ्या माश्यांच्या मागं चालू लागली. जिथं शेवटची पांढरी माशी फुलावर दिसली, तिथं तिनं दगड मांडला. असं चारी दिशांना केलं. माशी उडायची आणि ठकूबाई चालायची, तरी दोघी फुलापाशी एकदमच पोहोचायच्या, असं म्हणतात. "ह्या दगडांच्या आत उगवतंय ते माशीचं," ती म्हणाली. "ही माशीची शीव." नाचणीला माशी लागत नाही, असं एका शहाण्यानं तिथल्या तिथं सांगितलं. ठकूबाई म्हणाली, "मग नुस्ती कोरडी खा." त्यानंतर तो शहाणा गोष्टीत पुन्हा येत नाही.

पाडवा झाला आणि पाटलांच्या वाड्यात बाजार जेवू लागला. बैलांच्या पाठीवरून तांदूळ आला, डाळ आली, गूळ आला, तेलाचे बुधले आले. हैबतराव ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जाईल असे ढेकर द्यायचे. मग पावसाळा लागला. घाट निसरडा झाला. बैल येईनात, आले तर गुळाचं पाणी आणि पिठातले किडे घेऊन येत. इकडे वाड्याच्या परसात काकडीचा वेल मांडवावर चढला. हातहात लांबीच्या काकड्या लोंबू लागल्या. पाटील रोज सकाळी वेलाखाली उभे राहायचे, वर बघायचे आणि शिळी डाळ जेवायला आत जायचे. पाटलीणबाई एकदा म्हणाल्या, "अवो, एक तोडली तर कुनाला कळनार हाय?" पाटील म्हणाले, "मला." शब्दाला असा पक्का माणूस शत्रू म्हणून मिळायला भाग्य लागतं.

त्या वर्षी भादव्यात कारवी फुलली. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलली की डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्या दिवसांत सगुणा माहेरी आली. सातवा महिना लागला होता, आणि पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आईनं मांडीवर घेऊन विचारलं, "काय खावंसं वाटतंय, बाय?"

"नाचणीची भाकरी," सगुणा म्हणाली. "कारळ्याची चटणी. परसातली काकडी. आन कारवीचा मध."

चारही गोष्टी शिवेच्या आतल्या.

पाटलांनी बाजारातून मध मागवला. सगुणानं बोटभर चाटला आणि तोंड फिरवलं. "ह्यो गूळ हाय, आबा."

मग पंच बसले. शर्त पाटलांच्या घराची. लग्न झालेली लेक माहेरी आली, तर ती घरातली का पाहुणी? पंचांनी दोन दिवस विचार केला. एकानं तिचं लुगडं कुणी घेतलं ते विचारलं, दुसऱ्यानं ती कुठल्या दारानं आत आली ते विचारलं. पोरगी तेवढे दोन्ही दिवस पाण्यावर होती. शेवटी तिनंच आतून ओरडून सांगितलं, "आबा, मी घरातली नसंन तर तसं सांगा. जाते सासरी उपाशी." तिसऱ्या दिवशी निकाल लागला. लेक सासरची, तिनं काहीही खाल्लं तरी शर्त मोडत नाही.

भाकरी, चटणी आणि काकडी अर्ध्या घटकेत झाली. सगुणानं ताटाकडे पाहिलं आणि मधाची वाटी कुठाय म्हणून विचारलं. मध एकाच घरी होता. हैबतराव भर दुपारी, एकटे, ठकूबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ठकूबाई," ते म्हणाले. ठकूबाई असं त्यांनी तिला तेव्हा पहिल्यांदा म्हटलं. "मध पायजे. लेकीसाठी. पर आधीच सांगतो, पंचांचा निकाल झालाय. तिनं खाल्ला तरी शर्त तशीच. दसऱ्याला बारा दीस हायती. दसऱ्याला मडकी जळतील."

ठकूबाईनं एकदा मडक्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोटुशीला न्हाई म्हनायचं नसतं, पाटील. शर्त तुमची-माजी हाय, त्या पोटातल्याची न्हाई. पर मी काढून देनार न्हाई. पोरीनं बापाकडं मागितलाय, बापानं काढावा. हे मडकं."

"चावत्याल?"

"इचारून बघा."

हैबतरावांनी बाही सारली आणि मडक्यात हात घातला. त्यांना हातावर, तोंडावर किती माश्या चावल्या? कुणी सतरा सांगतं, कुणी दोनशे. पण पाटलांनी पोळं सोडलं नाही. ते पानावर ठेवलं, आणि मग जे कुणीही करेल ते केलं. ठणकणारं बोट तोंडात घातलं.

बोट मधानं माखलेलं होतं.

मडक्यातली गुणगुणसुद्धा त्या क्षणी थांबली, असं म्हणतात. पाटील बोट तोंडात ठेवून तसेच उभे. ठकूबाईनं मान फिरवली आणि समोरच्या जांभळ्या डोंगराकडे बघत म्हणाली, "मी न्हाई बगितलं. जावा, पोर वाट बघत आसंल."

सगुणा जेवली. सात महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली आणि तिथंच भिंतीला टेकून झोपली. हैबतराव तिच्याकडे बघत बसले, मग उठून चावडीवर गेले. तोंड इतकं सुजलं होतं की चावडीवरच्यांनी त्यांना ओळखलं नाही आणि पाटील घरी नाहीत म्हणून सांगितलं.

"मीच पाटील," ते म्हणाले. "म्या मध चाटला. शर्त हरलो."

पंच लगेच सरसावून बसले. "चुकून का मुद्दाम? चुकून बोट तोंडात गेलं असंल तर इचार करावा लागंल, पाटील."

"पयलं बोट चुकून गेलं," हैबतराव म्हणाले. "दुसरं मी मुद्दाम घातलं."

दसऱ्याला ठकूबाईनं वाड्याच्या वळचणीला मडकं बांधलं. अख्खं गाव बघायला जमलं होतं. माश्या तिच्या डोक्यावरून पदरासारख्या पसरून आल्या आणि एकेक करून मडक्यात शिरल्या, असं म्हणतात. पुढे ठकूबाई खूप जगली. पुढच्या एका कारवीत ती डोंगरात गेली आणि कड्यावर बसलेली लोकांना लांबून दिसली. तिच्या अंगभर माश्या होत्या. माश्या उडाल्या तेव्हा खडकावर ठकूबाई नव्हती, पिवळे परागकण तेवढे होते, असं म्हणतात.

हरणटेकात आजही पोटुशी लेक माहेरी आली की तिच्या डोहाळजेवणाचं ताट फक्त शिवेच्या आतल्या अन्नाचं असतं. मीठ तेवढं बाहेरचं चालतं, कारण पंचांचा त्याबद्दलचा निकाल अजून व्हायचा आहे. हल्ली शहरातून पाहुणे येतात, दगडांपाशी उभे राहतात आणि आपल्या मातीतलं खाल्लं पाहिजे, असं गावालाच समजावून सांगतात. गाव ऐकून घेतं आणि त्यांना वाढतं. मध मात्र मुलीच्या बापानंच काढायचा, उघड्या हातानं. मग बोट दोनदा चाटायचं, एकदा चुकून आणि एकदा मुद्दाम, आणि त्यानंतरच लेकीचं ताट वाढायचं. गावातल्या घराघरांत भिंतीवर डोहाळजेवणाचे फोटो असतात. मधोमध फुलांचे दागिने ल्यायलेली मुलगी, आजूबाजूला नटलेल्या बायका, आणि मागं, नाक वांग्याएवढं झालेला एक माणूस आनंदानं हसत उभा असतो. तो कोण, हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही.