येते म्हणून गेलेली आई

समुद्र एकेक गाव मागून घेऊ लागला होता, त्या दिवसांत खाडीकाठच्या एका गावात होड्या दुरुस्त करणारा एक कारागीर राहत होता. त्याचं नाव हरेश्वर. त्याला केतकी नावाची एक मुलगी होती. ती वेगळी होती. डॉक्टरांनी त्या वेगळेपणाला एक लांबलचक नाव दिलं होतं. गावानं एक आखूड दिलं होतं. हरेश्वर तिला केतकीच म्हणे.

केतकीला शब्द जसा ऐकू येई तसाच खरा वाटे. आणि गाव पडलं सभ्य. तिथे अशुभ कोणी बोलत नसे. नारळ फोडत नसत, वाढवत. दिवा विझवत नसत, शांत करत. मेलेल्या म्हशीलासुद्धा 'गेली' म्हणत. एकदा शेजारच्या शेवंतीकाकीची बांगडी फुटली. "अगो बाई, बांगडी वाढली माझी," काकी हळहळली. केतकीनं तुकडे गोळा करून तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "वाढली नाही. कमी झाली."

"हरेश्वर, तुझ्या पोरीला जीभ आहे की विळी?" काकी कडाडली.

"जीभ आहे," केतकीनंच उत्तर दिलं आणि काढून दाखवली.

एका उन्हाळ्यात ऊन असं तापलं की माणसं बसल्या जागी कोसळू लागली. केतकीची आई सुलभा त्यांतलीच एक. तिला होडीतून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे त्या गावातलं तान्हं पोरही जाणत होतं. उंबऱ्यावर सुलभा क्षणभर थांबली. म्हणाली, "केतकी, येते हं."

ती आली नाही. तिचे अंत्यसंस्कारही तिकडेच उरकावे लागले. हरेश्वर एकटा परतला.

"आई?" केतकीनं विचारलं.

खरा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला आणि मागे फिरला. "आई देवाघरी गेली, बाळा."

केतकी उठली आणि तडक देवळात गेली. गाभाऱ्यात डोकावली. पालखीच्या खोलीतही पाहिलं. परत येऊन म्हणाली, "तिथे नाही."

मग ती उंबऱ्यावर बसली. आई 'येते' म्हणाली होती. शाळेतून आली की उंबऱ्यावर, जेवायचं ताटही उंबऱ्यावर. येणारेजाणारे तिला ओलांडून आत यायला शिकले. हरेश्वर मनाशी म्हणे, थोडी मोठी होऊ दे, मग सांगू. उद्या सांगू. पण त्याचा 'उद्या'ही सुलभासारखाच निघाला. येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

पावसाळ्यात उधाणाच्या पाण्यानं बांध फोडला आणि गाव कायमचं सोडायचा हुकूम निघाला. माणसं मुकाट बोटींत बसली. केतकी मात्र हलेना. "आई आली आणि घरात कोणी नसलं तर?"

हरेश्वरनं तिला उचलून बोटीत घातलं. बोट सुटताच तिनं पाण्यात उडी टाकली. बायका किंचाळल्या. ती बुडाली, वर आली, आणि चिखल तुडवत पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली. हरेश्वरही तिच्यामागोमाग बोटीतून उतरून आला.

आता एकच बोट उरली होती. ती थेट त्यांच्या अंगणातच आली, कारण अंगण आता खाडीतच होतं. बोटीवरचा जवान ओरडला, "काका, पाणी चढतंय! मला थांबता येणार नाही."

शेवंतीकाकी बोटीतूनच म्हणाली, "अरे, आई पलीकडे वाट बघत्येय म्हणून सांग की तिला! टुणकन उठेल. एवढ्याशा खोट्यानं देव काही तुला कापून खाणार नाही."

सोपं होतं. हरेश्वरनं तोंड उघडलंसुद्धा. "केतकी, आई पली..."

केतकी अर्धी उठली होती. तिचा चेहरा असा उजळला की हरेश्वर हादरला. पलीकडे पोचल्यावर ही पोर तिथल्या उंबऱ्यावर बसेल. मग तिसरं काही गोड शोधावं लागेल. तो पाण्यातच तिच्यासमोर बसला. पाणी त्याच्या छातीशी आलं.

"केतकी, आई मेली."

काकीचा हात तोंडावर गेला. स्वतःच्या बायकोला, तेही पोरीच्या तोंडावर, 'मेली'! कुणीतरी पुटपुटलं, "डोकं फिरलं याचं."

केतकीनं त्याच्याकडे पाहून विचारलं, "मासा मरतो तशी?"

"तशीच."

"मेलेला मासा परत पोहत नाही."

"नाही पोहत. आईही परत येणार नाही. 'येते' म्हणाली, कारण आपल्यात तसं म्हणतात. आपण मरणार हे तिलाही ठाऊक नव्हतं."

केतकीनं असा आवाज काढला की दोर सोडायला वाकलेला जवान तसाच राहिला. हरेश्वर तिला जवळ घ्यायला गेला नाही. रडताना तिला कुणी धरलेलं सोसत नसे. तो नुसता समोर बसून राहिला. शेवटी तो आवाज थांबला. केतकी उठली, पायऱ्या उतरली आणि कुणी न सांगता बोटीत चढली.

बोट निघाली. शेवंतीकाकी डोळे पुसत म्हणाली, "बघा, किती शहाणी ती! उगाच घाबरत होतो आपण."

केतकीनं मान वळवली. "काकी, तुला ठाऊक होतं?"

"हो गो."

"सगळ्यांना?"

काकीनं मान डोलावली. केतकीनं बापाकडे पाहिलं. "म्हणजे वाट मी एकटीच बघत होते?"

बोट माणसांनी गच्च भरली होती. पण त्या पोरीसमोर वर करायला एकाकडेही तोंड नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्याला दुःख नको म्हणून जो गोड बोलतो, तो पुष्कळदा स्वतःचंच दुःख वाचवत असतो. मुलाला खरं ते सरळ शब्दांत सांगावं, आणि सांगून झाल्यावर तिथून उठू नये.